पिल्लांच्या पोटासाठी हळद-कोकम : वराहखाद्यातील वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंटची पार्श्वभूमी

डुकरांच्या खाद्यातले अँटिऑक्सिडंट, म्हणजे तेल खवटणे आणि पेशींची हानी रोखणारे घटक, हा विषय नवा वाटतो, पण त्याचे एक मूळ मासळीत आहे. मासळीची टाकाऊ डोकी-आतडी डुकरांना सतत घातली की त्यांची चरबी पिवळट पडते, सुजते, तिला उग्र वास येतो. मासळीच्या तेलातली असंतृप्त स्निग्धाम्ले हवेने खवट होतात आणि शरीरातले ई-जीवनसत्त्व, जे स्वतः एक अँटिऑक्सिडंट आहे, संपवून टाकतात. हे जीवनसत्त्व 1922 मध्ये इव्हान्स आणि बिशप यांनी ओळखले. 1936 मध्ये ते गव्हांकुराच्या तेलातून वेगळे काढले गेले. ते कमी असलेल्या पिल्लाला नेहमीचे लोहाचे इंजेक्शनही जिवावर बेतू शकते.

दुसरा धागा प्रतिजैविकांचा (अँटिबायोटिक औषधांचा). 1940 च्या दशकाच्या अखेरीस ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाचे अवशेष खाद्यात मिसळल्यावर जनावरे झपाट्याने वाढतात असे दिसले आणि 1951 मध्ये अमेरिकेने खाद्यातल्या प्रतिजैविकांना मुभा दिली. पुढे जिवाणू औषधांना जुमानेनासे झाले. स्वीडनने 1986 मध्ये, तर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठीची प्रतिजैविके थांबवली. तिथे पर्याय म्हणून खाद्याच्या किलोमागे 2500 मिलिग्रॅम झिंक (जस्त) चालले. ते जमिनीत साठते म्हणून 2022 मध्ये युरोपीय संघात तेही बंद झाले. भारताने जुलै 2019 मध्ये खाद्य-प्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आणली.

पिल्लांच्या बाबतीत या उपायांची खरी गरज एका नाजूक काळात भासते. तीन-चार आठवड्यांत दूध तोडले की पिल्लू एक-दोन दिवस जेमतेम खाते. आतड्यातले केसासारखे उंचवटे आखूड होतात, पेशींमधली जोडणी सैल पडते, जठराची आम्लता घटते आणि हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जिवाणूला मोकळे रान मिळते. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठात द्राक्षाच्या बियांचा व चोथ्याचा अर्क 1 टक्का मिसळला, तेव्हा आतड्यातली दाह वाढवणारी जनुके मंदावली. हळदीतले कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य रक्तात फार थोडे शोषले जाते. आतड्यासाठी मात्र हाच त्याचा फायदा, कारण बहुतेक भाग तिथेच राहतो.

कोकणात आधी भाताच्या कोंड्याकडे आणि सुक्या मासळीकडे बघावे. भात भरडताच कोंड्यातले लायपेज हे विकर (एन्झाइम) तेल फोडू लागते. पावसाळी दमटपणात ते लवकर खवटते. असा कोंडा घालून वर हळद टाकणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे. कोंडा ताजाच आणावा किंवा लगेच भाजून तेल फोडणारे विकर मारावे. वास आलेली मासळीची भुकटी पिल्लांना देऊच नये.

हळदीत साधारण 3 ते 5 टक्के कर्क्युमिन असते. 100 किलो खाद्यात 1 किलो हळद घातली की किलोमागे 300 ते 500 मिलिग्रॅम पडते. ती थेट ढिगावर टाकू नये, एका घासात जास्त आणि दुसऱ्यात काहीच नाही असे होते. आधी 5 किलो कण्यांत कालवावी, मग सगळ्यात. बाजारातल्या अतिपिवळ्या भुकटीत शिशाचा रंग असू शकतो, म्हणून हळकुंडे दळून घेतलेली बरी.

कोकमाच्या सालीत गार्सिनॉल आणि लाल अँथोसायनिन ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात, पण खाण्याची आमसुले व आगळ मिठाचे असतात. पाणी कमी पडले तर डुकराला मिठाची विषबाधा होते: ते आंधळ्यासारखे भिंतीवर आदळते, झटके येतात. बिनमिठाची वाळवलेली सालच घ्यावी, थोडी, आणि पाणी चोवीस तास हवे. काजूच्या बोंडूत क जीवनसत्त्व भरपूर आहे, पण टॅनिनही. ते प्रथिनांना बांधते, लोह अडवते. म्हणून बोंडूचा चोथा मोठ्या डुकरांसाठी ठेवावा, दूध नुकतेच तुटलेल्या पिल्लांसाठी नको.

पाण्यासारखी हगवण लागून डोळे खोल गेले असतील, तर यातले काहीही उपयोगी पडत नाही. मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करून पशुवैद्यकाला बोलवावे. त्या वयात पिल्लू एका दिवसातही दगावते.