देलाक्र्वाचे थेंब

पाण्याला रंग नसतो. मग अंगावरून ओघळणारा पाण्याचा थेंब रंगवायचा कशाने?

१८२२ साली पंचविशीही न गाठलेल्या यूजेन देलाक्र्वा या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, ‘दांतेची नाव’ हे तैलचित्र मांडलं. प्रसंग इटालियन कवी दांतेच्या ‘इन्फर्नो’ या नरकयात्रेच्या काव्याच्या आठव्या सर्गातला. नावाडी फ्लेजिअस दांते आणि त्याचा वाटाड्या कवी व्हर्जिल यांना नरकातल्या स्टिक्सच्या पाण्यापलीकडे नेतोय, मागे नरकातली डिस नगरी धगधगतेय आणि पाण्यातले पापी जीव नावेला लटकलेत. एकाने तर नावेच्या काठात दातच रोवलेत! चित्र जवळजवळ अडीच मीटर रुंद आहे, पण माझी नजर अडकते ती त्या ओल्या अंगांवरच्या थेंबांवर.

जवळून पाहिलं तर तिथे थेंब नाहीतच. पांढऱ्याचा एक ठिपका, पिवळ्या-हिरव्याचे फराटे, सावलीच्या जागी लाल. एकही रंग दुसऱ्यात कालवलेला नाही. चार पावलं मागे सरकलं की मात्र पाणी ओघळायला लागतं.

अळवाच्या पानावरचा थेंब आठवा. उजेडाकडच्या बाजूला एक ठिपका चमकतो, तो पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश. बाकीचा प्रकाश आत शिरतो, वाकतो आणि भिंगातून जावा तसा पलीकडच्या कडेला गोळा होतो. म्हणून थेंबाची उजेडाविरुद्धची बाजूच उजळ दिसते आणि तिच्यापुढे सावली पडते. एवढ्या खुणा मिळाल्या की मेंदू ‘पाणी’ म्हणून मोकळा होतो.

हाच लाल आणि हिरवा पॅलेटवर एकत्र केला असता, तर चिखल झाला असता. लाल रंगद्रव्य हिरवा प्रकाश गिळतं, हिरवं लाल प्रकाश गिळतं, उरतो काळपट तपकिरी. शेजारी-शेजारी ठेवले की उलट घडतं. आपली दृष्टियंत्रणा लाल आणि हिरवा एकमेकांविरुद्ध तोलते, त्यामुळे दोन्ही जास्त झळाळतात. लांबून ते एकमेकांत मिसळतात, पण डोळ्यात. एकेक मिलिमीटर अंतरावरचे ठिपके साधारण साडेतीन मीटरवरून वेगळे ओळखू येत नाहीत.

रंगांच्या या शेजारधर्माचा नियम रसायनतज्ज्ञ शेव्हरलने ग्रंथरूपाने मांडला तो १८३९ मध्ये. तो पॅरिसमधल्या गोबलँच्या विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर दोष धाग्याचा नव्हताच, शेजारच्या रंगांचा होता.

देलाक्र्वाला १८२२ मध्ये शेव्हरलचा हा ग्रंथ वाचायला मिळणं शक्यच नव्हतं. तो शिकला जुन्या पिढीतला चित्रकार रूबेन्स याने रंगवलेल्या जलपऱ्यांकडून, त्यांच्या पाठी-मांड्यांवरचे थेंब न्याहाळून.