महिन्याच्या आतलं लेकरू नेमकं ओळखतं कोणाला?

घरात नवं लेकरू आलं की पहिल्या आठवड्यातच वाद सुरू होतो, ते पाहून कोणाकडं राह्यलं. आजी म्हणते माह्याकडं, काका म्हणतो नाही, पंख्याकडं, आणि बाप बिचारा बाजेच्या पायथ्याशी उभा राहून खुळखुळा वाजवत असतो. आता खरं सांगायचं तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच जरा बरं दिसतं, पुढचं सगळं धूसर. म्हणजे पायथ्याचा बाप त्याच्या लेखी नुसता हलणारा डाग. अंगावर पाजताना मायचं तोंड मात्र बरोबर तेवढ्याच अंतरावर येतं, आणि चेहऱ्याची ओढ त्याला उपजतच असते, त्यामुळं ते टक लावून पाहतं. तेव्हा बाप्पा, खुळखुळा ठेवा आणि जवळ या.

मग ते झोपेतलं हसू. दुपारची जेवणं आटोपली, बाळंतीण जरा पडली, की लेकराच्या ओठाचा एक कोपरा हलतो, मग दुसरा, क्षणभर हसू आणि लगेच रडवेलं तोंड. बाया म्हणतात सटवाई खेळवून राह्यली. विज्ञान म्हणतं की नवजात बाळ दिवसाचे १६-१७ तास झोपतं, त्यातली जवळपास अर्धी झोप आरईएम प्रकारची असते, त्यात पापण्यांखाली डोळे फिरतात, श्वास कमीजास्त होतो, चेहऱ्याचे स्नायू आपोआप हलतात आणि त्यातूनच हे हसू उमटतं. माणूस पाहून हसणं यायला सहावा आठवडा वगैरे लागतो. मला विचाराल तर सटवाई आणि विज्ञान, दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे, हे हसू आपल्यासाठी नाही :)

पण गंमत अशी की ज्यावर आपण खूश होतो ते आपल्यासाठी नसतं आणि ज्याकडं आपलं लक्षच नसतं ते मात्र असतं. म्हणजे आवाज. १९८० साली अमेरिकेत डिकॅस्पर आणि फायफर या दोघांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली, कानाला हेडफोन लावले, एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल तीच लय धरली! पोटात असताना शेवटचे काही महिने हाच आवाज ऐकलेला, मग काहून नाही ओळखणार. एवढंच काय, २००९ मध्ये जर्मन आणि फ्रेंच बाळांचं रडणं तपासलं तर फ्रेंच लेकरं चढत्या सुरात रडत होती आणि जर्मन उतरत्या, आईबापाच्या बोलीसारखीच. आपली वऱ्हाडी पोट्टी कोणत्या सुरात रडतात ते ज्यानं त्यानं आपल्या घरी ऐकावं.

बापाचा आवाज मात्र पहिल्या दिवसांत दुसऱ्या माणसाच्या आवाजापेक्षा जास्त आवडतो असं काही दिसलं नाही, हे १९८४ मध्ये तपासून झालंय. हिरमुसायचं कारण नाही, कारण बदल बापातही होतो. फिलिपिन्समधल्या सेबूच्या ६२४ पुरुषांचा अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घटलेलं दिसलं, आणि ज्यांचं लेकरू महिन्याच्या आतलं त्यांचं तर जास्तच घटलेलं. कापूस वेचून भेगा पडलेलं बोट लेकराच्या तळहातावर ठेवलं की ते गच्च मूठ आवळतं, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे हे माहीत असूनही माणूस बोट काढून घेत नाही. (फवारणीवरून आलात तर आधी आंघोळ, कपडे बदला, मगच बोट.)

आता वजन. पहिल्या तीन-चार दिवसांत लेकराचं वजन थोडं घटतं, ७ टक्के, कधी १० पर्यंत, आणि मग घरात डब्याच्या दुधाच्या गोष्टी सुरू होतात. घाई करू नका, साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, लेकराला झोळीच्या काट्याला लटकवते, आणि काटा जन्माच्या आकड्यापाशी टेकला की आजीच्या तोंडावरचं हसू पाहून घ्या. या घरच्या भेटींचं मूळ आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायांनाच शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ पासून हे देशभर आशांकडं आलं.

लेकरानं अंगावर प्यायचं सोडलं, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर मात्र ताईच्या पुढच्या फेरीची वाट पाहायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ लावायचा.