अवजड मालमोटारींची ॲक्सल-रचना व भारमर्यादा

मालमोटारीच्या एकेका ॲक्सलवर (चाके जोडणाऱ्या आडव्या आसावर) आणि भरलेल्या वाहनावर किती भार चालेल, याबाबत देशोदेशी असलेल्या कायदेशीर मर्यादा. रस्त्याच्या फरसबंदीची (पृष्ठभागाच्या थरांची) झीज मुख्यतः ॲक्सलभारावर अवलंबून असते. पुलाला मात्र एकूण भार व ॲक्सलांमधील अंतर महत्त्वाचे.

झीज ॲक्सलभाराच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा ‘चतुर्थ घात नियम’ अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८–६० मध्ये झालेल्या रस्ता-चाचणीतून पुढे आला. तेथे मुद्दाम बांधलेल्या वळसेदार रस्त्यांवर ठरावीक भाराच्या मालमोटारी सतत फिरवून पृष्ठभाग किती बिघडतो ते मोजले गेले. तथापि जागा एकच, हवामान व खालची मातीही एकाच प्रकारची. त्यामुळे घातांक सर्वत्र चारच धरावा का, याविषयी मतभेद आहेत. फरसबंदीचा प्रकार आणि बिघाडाचे स्वरूप (भेगा की चाकोऱ्या) यांनुसार तो कमीअधिक येतो. तेव्हा या नियमाला ढोबळ अंदाज मानणे अधिक सयुक्तिक दिसते. निरनिराळ्या ॲक्सलभारांची झीज ज्याच्या तुलनेत मोजतात तो १८,००० पौंडांचा, म्हणजे सु. ८.२ टनांचा प्रमाण ॲक्सल मात्र भारतीय रस्ते-अभिकल्पातही रूढ आहे.

अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर एकेरी ॲक्सलला सु. ९.१ टन, जोड ॲक्सलला (जवळजवळ बसवलेल्या दोन ॲक्सलांना मिळून) १५.४ टन व एकूण सु. ३६.३ टन ही मर्यादा १९७५ पासून आहे. शिवाय ‘पूल-सूत्र’ ॲक्सलांची संख्या व अंतर पाहून भार ठरवते. साहजिकच तेथे पाच ॲक्सलांचे लांबलचक वाहन रूढ झाले. युरोपीय संघात इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या एकेरी ॲक्सलला ११.५ टन चालतात व आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी एकूण ४० टन, त्यामुळे दोन ॲक्सलांचा ट्रॅक्टर व मागे तीन ॲक्सलांचा ट्रेलर ही जोडणी सोयीची ठरते.

भारतात जुलै २०१८ च्या अधिसूचनेने चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन, जोड ॲक्सलची १९ वरून २१ टन आणि ट्रॅक्टर-ट्रेलरची कमाल ४९ वरून ५५ टन झाली. तीन ॲक्सलांच्या दहाचाकी ट्रकला २५ ऐवजी २८.५ टन मिळाले. फेऱ्या कमी होतात हे खरे. पण चतुर्थ घाताने पाहता एकेरी ॲक्सलवर सु. १३ टक्के जादा भारापोटी झीज सु. ६० टक्क्यांनी वाढते. अधिसूचनेपूर्वीही मर्यादेबाहेर माल भरला जाई, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ याहून कमी असणे शक्य आहे.

फिनलंडमध्ये २०१३ पासून नऊ ॲक्सलांवर ७६ टन चालतात.