लेबलवर नसलेला आंबटपणा

वाईनच्या लेबलवर १२.५ नाहीतर १३.५ टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो अल्कोहोलचा आकडा. आंबटपणाचा आकडा मात्र बहुतेक बाटल्यांवर नसतोच, आणि द्राक्षं तोडायच्या दिवसांत वाईनवाल्याची झोप खरी तोच उडवतो.

नाशिक-दिंडोरीकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरता सरता गोडी छाटणी, आणि वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडायला येतात. मणी कच्चा असताना आंबटढाण असतो कारण त्यात दोन आम्लं भरपूर असतात, एक टार्टारिक, म्हणजे चिंचेत असतं तेच, आणि दुसरं मॅलिक, सफरचंदातलं. ऊन वाढलं की मणी मॅलिक स्वतःच जाळून संपवायला लागतो, टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं आणि साखर चढत जाते. म्हणून रोज चार मणी चुरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, वाचायचा. २४ ब्रिक्स आला तर अल्कोहोल १३-१४ टक्क्यांच्या आसपास जाणार, कारण लिटरमागे १७ ग्रॅम साखरेतून यीस्ट ढोबळमानाने १ टक्का अल्कोहोल काढतं. आता अजून थांबलं तर अल्कोहोल वाढेल पण वाईन मिळमिळीत होईल, घाईने तोडली तर उलटं. गरम भागात मग वरून टार्टारिक ॲसिड घालतात, ती भेसळ नाही, सर्रास चालतं.

बरं, आंबटपणा फक्त चवीपुरता नाही. वाईनचा पीएच, म्हणजे आम्लाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र), साधारण ३ ते ४ असतो (हे पीएचचं माप १९०९ साली सोरेन्सन यांनी काढलं, तेही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये, म्हणजे बिअरवाल्यांच्याच घरी!). ३ आणि ४ मध्ये फरक किरकोळ वाटतो पण एकेक पायरी दहापट असते. वाईन टिकावी म्हणून जो सल्फर डायऑक्साइड घालतात, त्यातला जंतूंना खरा मारणारा भाग पीएच ३ ला सुमारे ६ टक्के असतो आणि ४ ला जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे तेवढंच औषध घालूनही वाईन बिघडू शकते. रंगाचंही तसंच, पीएच बदलला की तोही बदलतो. काळ्या द्राक्षाच्या सालीसकट काढलेल्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, लाल जाऊन निळसर-हिरवट होतो.

पण पीएच कमी म्हणजे जिभेला जास्त आंबट, असंही नाही हां. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, वाईनपेक्षाही खाली, तरी लहान पोरं गटागटा पितात कारण साखर सगळं झाकून टाकते.

माडीची गोष्ट द्राक्षाच्या बरोबर उलटी. ताजी नीरा जवळजवळ उदासीन असते, पीएच ७ च्या जवळ, पण मडक्यात पडल्यापासूनच यीस्ट आणि लॅक्टिक ॲसिड करणारे जिवाणू दोघेही कामाला लागतात आणि काही तासांत पीएच ४ कडे येतो, म्हणजे इथे अल्कोहोल आणि आंबटपणा हातात हात घालून चढतात. नीरा नीराच ठेवायची तर म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. आणि तशीच पडू दिली तर दुसरे जिवाणू हवेच्या मदतीने अल्कोहोलचंच ॲसेटिक ॲसिड करतात, गोव्यात स्वैपाकाला वापरतात तो माडाचा व्हिनेगर हाच.

फेणीत अल्कोहोल आणि आंबटपणाची ताटातूट होते. काजूच्या बोंडांचा आंबलेला रस भट्टीवर चढवला की ७८ अंशांना उकळणारं अल्कोहोल वाफेबरोबर आधी जोरात निघतं, फळातली जड आम्लं भांड्यातच राहतात, थोडं ॲसेटिक तेवढं पलीकडे जातं. पहिल्या भट्टीचा उर्राक सौम्य, पुन्हा भट्टी लावली की फेणी, आणि तिच्या बाटलीवर अनेकदा ४२.८ टक्के असतं. हाच विचित्र आकडा आपल्याकडच्या रम-व्हिस्कीवरही दिसतो. ब्रिटिशांच्या प्रूफ नावाच्या जुन्या मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के अल्कोहोल, आणि आपल्याकडे बाटलीसाठी धरलं ७५ प्रूफ, म्हणजे ५७.१ चे पाऊण, करून बघा गुणाकार.