इन्व्हार

इन्व्हार : सुमारे ३६ टक्के निकेल व उरलेले बहुतांशी लोखंड असा मिश्रधातू. नेहमीच्या तापमानात त्याचे प्रसरण नगण्य असते. ‘न बदलणारा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून त्याचे नाव पडले. पॅरिसजवळील सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात शार्ल एदुआर गियोम यांनी त्याचा शोध लावला. शोधाचे वर्ष साधारणपणे १८९६ देतात. मात्र त्याच कार्यालयात बन्वा यांनी १८९५ च्या सुमारास निकेल-क्रोमियमयुक्त पोलादाचे अनपेक्षित प्रसरण मोजले होते, आणि २५ टक्के निकेल असलेल्या पोलादाचे चमत्कारिक चुंबकीय वर्तन हॉपकिन्सन यांना त्याही आधी आढळले होते. त्यामुळे १८९६ ही सुरुवात न मानता एका मालिकेतील निर्णायक टप्पा मानणे अधिक योग्य. गियोम यांना १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की कार्बन पोलादाची एक मीटर लांबीची पट्टी ११ ते १२ मायक्रोमीटर लांबते, इन्व्हारची सुमारे १.२. घड्याळाच्या पोलादी लंबकामुळे दर अंशामागे दिवसाला जवळपास अर्ध्या सेकंदाची चूक होते. इन्व्हारमुळे ती एक दशांशावर येते. इतर बाबतींत मात्र पोलाद सरस ठरते. त्याचा यंग गुणांक (ताठरपणाचे माप) सुमारे २०० गिगापास्कल, तर इन्व्हारचा १४० च्या आसपास; उष्णता वाहून नेण्यात इन्व्हार पोलादाच्या साधारण एक चतुर्थांशच. पुरेसा कार्बन असलेले पोलाद पाणी देऊन (तापवून एकदम थंड करून) कठीण करता येते. इन्व्हार तसा होत नाही, आणि कातकामात तो चिवट लागतो. दमट हवेत तोही गंजतो.

अल्प प्रसरणाचे मूळ चुंबकत्वात आहे, यावर एकमत आहे. चुंबकीय क्रमामुळे (अणूंच्या चुंबकीय दिशा एकसारख्या असल्याने) धातूचे आकारमान किंचित फुगलेले असते. तापवताना हा क्रम ढासळतो आणि त्यातून होणारे आकुंचन अणुकंपनांमुळे होणाऱ्या प्रसरणाला जवळजवळ छेद देते. सुमारे २५० अंशांच्या आसपास, क्यूरी तापमानाजवळ (ज्याच्या वर हा चुंबकीय क्रम उरत नाही), हा तोल संपतो व इन्व्हार इतर धातूंसारखाच प्रसरण पावू लागतो. क्रम कसा ढासळतो, हा वादाचा मुद्दा. वाइस यांनी १९६३ मध्ये लोखंडाच्या अणूच्या दोन अवस्था कल्पिल्या : अधिक चुंबकीय व मोठी, कमी चुंबकीय व लहान. ही मांडणी सुटसुटीत असल्याने पाठ्यपुस्तकांत रुळली. पण न्यूट्रॉन प्रयोगांत अशा दोन वेगळ्या अवस्था स्पष्ट दिसल्या नाहीत. १९९९ मधील संगणकीय गणितानुसार अणूंच्या चुंबकीय दिशा एकमेकींपासून क्रमाने ढळतात व आकारमानही त्याबरोबर सलगपणे घटते. हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे.

मोजणीच्या फिती, लंबक व द्विधातू पट्ट्या हे परिचित उपयोग. द्रवरूप नैसर्गिक वायू नेणाऱ्या काही जहाजांच्या टाक्यांना आतून ०.७ मिमी. जाडीचा इन्व्हारचा पत्रा असतो; उणे १६३ अंशांवर साधे कार्बन पोलाद ठिसूळ होते, इन्व्हार चिवट राहतो.