पार्श्वभूमी : बेलफास्टचे महापौर आणि दोन तासांचं अंतर

१ जुलै २००२ ची सकाळ. उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टचे नवे महापौर, शिन फेन पक्षाचे अ‍ॅलेक्स मास्की, सिटी हॉलजवळच्या युद्धस्मारकावर आले, लॉरेलच्या पानांचं चक्र वाहिलं आणि निघून गेले. मुख्य समारंभ दोन तासांनी होता. त्याला ते थांबले नाहीत.

हे शहराचे पहिले रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटनपासून सुटून अखंड आयरिश प्रजासत्ताक मागणारे, महापौर. १ जुलै हा पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईचा पहिला दिवस. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या, उत्तर आयर्लंडच्या भागातून भरती झालेल्या अल्स्टर डिव्हिजनची त्यात दाणादाण उडाली आणि युनियनिस्ट (ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्या) घरांत ते दुःख पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं. त्याच सोमवर सप्टेंबरात, गिलमाँ आणि जिन्शीला, आयरिश राष्ट्रवादी वस्त्यांतली पोरंही मेली. ती ब्रिटिश गणवेशात मेली, म्हणून ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ मधल्या ईस्टरच्या उठावानंतरच्या आयर्लंडमध्ये त्यांचं नाव घरातही हलक्या आवाजातच निघे. पॉपी, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचं लाल फूल, वाहिली तर ब्रिटिश सैन्याला मान दिल्यासारखं, मुख्य समारंभाला उभं राहिलं तर लष्करी संचलनात सामील झाल्यासारखं, आणि काहीच केलं नाही तर महापौर फक्त अर्ध्या शहराचे. म्हणून लॉरेल, आणि म्हणून सकाळची वेळ. विरोधक म्हणाले, हा चोरटा देखावा. स्वपक्षातल्या काहींना एवढंही जास्त वाटलं. मला तरी यात चतुराईपेक्षा धाडस अधिक दिसतं.

याआधीचं थोडक्यात. गोदीतलं काम, बॉक्सिंग, सत्तरच्या दशकात खटल्याविना दोनदा स्थानबद्धता. १९८३ च्या पोटनिवडणुकीत ते बेलफास्ट महापालिकेवर निवडून आले; १९२० च्या दशकानंतरचे त्यांच्या पक्षाचे तिथले पहिले नगरसेवक. तेव्हा तिथल्या पालिकेकडे कचरा, दफनभूमी, पोहण्याचे तलाव एवढंच होतं. घरांचा कारभार १९७१ मध्येच काढून घेतलेला. त्यामुळे खरं काम वस्तीतल्या सल्ला केंद्रावर चालायचं : ओल आलेली भिंत, अडकलेला भत्ता, भरून द्यायचा अर्ज. याला समाजकार्य म्हणायचं की पक्षकार्य? १९८५ मध्ये सरकारने सशस्त्र गटांशी संबंधाच्या संशयावरून वस्ती संस्थांचं अनुदान रोखायचं धोरण जाहीर केलं आणि हा प्रश्न थेट पैशांचा झाला. सभागृहात तर युनियनिस्ट सदस्य त्यांचं बोलणंच ऐकून घेत नसत. १९८७ मध्ये घराच्या दारात त्यांच्यावर गोळीबार झाला. १९९३ मध्ये त्याच घरी दुरुस्तीला आलेला मित्र मारला गेला.

२००२ मध्ये मध्यममार्गी सदस्यांच्या मतांवर महापौरपद आलं. कार्यालयात त्यांनी ब्रिटिश युनियन जॅक काढला नाही. शेजारी आयरिश तिरंगा उभा केला. तेवढ्यावरूनही गदारोळ झाला. २०२० मध्ये ते उत्तर आयर्लंडच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०१३ मध्ये, त्यांच्याच पक्षाचे आणखी एक महापौर पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधी दिनाच्या कार्यक्रमाला हजर राहिले. कोटावर पॉपी मात्र नव्हती.