शेक्सपियर रीटोल्ड : पात्रे आणि कलावंत

‘शेक्सपियर रीटोल्ड’ ही शेक्सपियरची चार नाटके आजच्या ब्रिटनमध्ये आणून बसवणारी बीबीसीची मालिका. नोव्हेंबर २००५ मध्ये बीबीसी वनवर दर सोमवारी एक, असे दीडेक तासाचे चार स्वतंत्र चित्रपट दाखवले गेले : ‘मच अडू अबाउट नथिंग’, ‘मॅकबेथ’, ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ आणि ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’. याच बीबीसीने १९७८ ते १९८५ या काळात शेक्सपियरची सगळी नाटके मूळ संहितेनिशी छोट्या पडद्यावर आणली होती. इथे मात्र कथानक तेवढे त्याचे, संवाद नव्या लेखकांचे. चारही चित्रपटांचे लेखक आणि दिग्दर्शकही वेगवेगळे.

राजे-सरदार आजच्या काळात आणायचे, तर त्यांना पोटापाण्याचा काहीतरी धंदा द्यावा लागतो. या मालिकेतल्या पात्रांचे निम्मे यश त्या निवडीत आहे. धंदा नेमका सापडला तिथे नाटक आपोआप उभे राहते. नाही सापडला तिथे नटांना ते ओढत न्यावे लागते.

सर्वांत चपखल बसलेला ‘मॅकबेथ’. लेखक पीटर मॉफट, दिग्दर्शक मार्क ब्रोझेल. स्कॉटलंडचे राज्य इथे ग्लासगोतले एक उंची रेस्टॉरंट झाले आहे. राजा डंकन म्हणजे रेस्टॉरंटचा मालक आणि टीव्हीवरचा नामांकित शेफ डंकन डोकर्टी (व्हिन्सेंट रीगन). भटारखाना प्रत्यक्षात चालवतो तो जो मॅकबेथ (जेम्स मॅकअव्हॉय). पाककृती जोच्या, नाव मालकाचे. मूळ नाटकात मॅकबेथला पोखरते ती महत्त्वाकांक्षा. इथे तिच्या जोडीला राबणाऱ्याची चीडही आली, आणि डंकनचा खून अधिक पटण्याजोगा झाला. मोठ्या हॉटेलचा भटारखाना मुळात फौजेसारखाच चालतो : हुद्दे ठरलेले, हुकूम ओरडून द्यायचे, हाताशी धारदार सुऱ्या आणि रक्त तर रोजचेच. सुरुवातीलाच जो शिकाऊ स्वयंपाक्यांना डुकराचे मुंडके सोलून दाखवतो. ते हात एवढे सफाईदार चालतात, की पुढे याच हातांनी काय होणार हे सांगावे लागत नाही.

त्याची बायको एला (कीली हॉझ) दारात पाहुण्यांचे स्वागत करते आणि बाहेरचा दिवाणखाना सांभाळते. तिचे मूल जन्मल्यावर गेलेले आहे. शेक्सपियरने ओझरती टाकलेली ही गोष्ट इथे तिच्या वेडाच्या मुळाशी नेली आहे. मित्र बँको हा बिली बँको (जोसेफ मिलसन), डंकनचा मुलगा माल्कम (टोबी केबेल), तर मॅकडफ हा मुख्य वाढपी पीटर मॅकडफ (रिचर्ड आर्मिटेज).

चेटकिणींच्या जागी कचरा गोळा करणारे तिघे कामगार आले आहेत. रेस्टॉरंटला तीन मिशेलिन तारे (रेस्टॉरंटांना मिळणारा सर्वोच्च मान) मिळतील, पुढे ते जोचे होईल, हे भाकीत तेच करतात. दुसरे भाकीत मजेशीर आहे. आपण जसे ‘सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा’ म्हणतो, तसे इंग्रजीत ‘डुकरे उडतील तेव्हा’ म्हणतात. डुकरे उडेपर्यंत तुला धोका नाही, असे ऐकून जो निर्धास्त होतो. पण त्याच भाषेत पोलिसांना तुच्छतेने ‘डुक्कर’ म्हणतात, आणि शेवटी डोक्यावर पोलिसांचे हेलिकॉप्टर घरघरू लागते. मूळ नाटकात बर्नमचे रान चालत येईपर्यंत मॅकबेथला धोका नसतो; त्याला याहून चांगला पर्याय सुचणे अवघड.

‘मच अडू’मध्ये (लेखक डेव्हिड निकल्स) मूळ नाटकातले इटलीच्या मेसिना शहरातले घराणे ‘वेसेक्स टुनाइट’ या प्रादेशिक बातमीपत्राचे कार्यालय झाले आहे. एकमेकांना पाण्यात पाहणारे बिआट्रिस (सारा पॅरिश) आणि बेनेडिक (डेमियन लुइस) शेजारी-शेजारी बसून हसतमुखाने बातम्या वाचतात. कॅमेरा बंद झाला की तोंडाचा पट्टा सुरू. हवामान सांगणारी हीरो (बिली पायपर), खेळाच्या बातम्या देणारा क्लॉड (टॉम एलिस), द्वेषाने पेटलेला डॉन (डेरेक रिडेल) ही बाकीची मंडळी. मूळ नाटकातल्या डॉगबेरी या वेंधळ्या शिपायाचा इथे इमारतीचा पहारेकरी ‘मिस्टर बेरी’ झाला आहे. मोठा बदल हीरोच्या बाबतीत. भर लग्नात तिची अब्रू काढणाऱ्याशीच शेक्सपियर शेवटी तिचे लग्न लावतो; इथली हीरो तसे करत नाही.

‘टेमिंग’ची कॅथरिन (शर्ली हेंडरसन) ही खासदार आहे, आणि लग्न केलेस तर पक्षाचे नेतृत्व मिळणे सोपे जाईल असा सल्ला तिला मिळतो. तिचा नवरा पेत्रुकिओ (रूफस स्युएल) नावापुरता अर्ल म्हणजे उमराव, पण खिशाने कफल्लक. आई मिसेस मिनोलाच्या भूमिकेत साठच्या दशकातली प्रसिद्ध मॉडेल ट्विगी, तर बहीण बियांका जेमी मरे. तोंडाळ बाईला नवरा वठणीवर आणतो, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही : वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या ‘त्राटिके’च्या रूपाने ती एकोणिसाव्या शतकातच आपल्या रंगभूमीवर येऊन गेली. बायकोने नवऱ्यापुढे नमते घ्यावे हे सांगणाऱ्या शेवटच्या भाषणाचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हाही होता. लेखिका सॅली वेनराइट यांनी भाषण काढले नाही. लग्नाआधीच्या मालमत्तेच्या कराराच्या वादात ते कॅथरिनच्या तोंडी घातले. युक्ती चांगली आहे, पण पटते ती हेंडरसनच्या विक्षिप्त जोरामुळे.

‘ड्रीम’ (लेखक पीटर बोकर) सर्वांत सैल. अथेन्सजवळच्या रानाऐवजी सुट्टी घालवायचे ‘ड्रीम पार्क’, आणि तिथे लेक हर्मियाच्या साखरपुड्यासाठी जमलेले कुटुंब. थिओ (बिल पॅटरसन) आणि पॉली (इमेल्डा स्टाँटन) हे इथे हर्मियाचे आईवडील आहेत, आणि खरी गोष्ट त्यांच्या शिळ्या झालेल्या संसाराची. ओबेरॉन (लेनी जेम्स), टिटानिया (शॅरन स्मॉल) आणि पक (डीन लेनॉक्स केली) हे मात्र परीलोकातलेच राहिले. त्यांना धंदा देण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. बॉटम इथे पार्कातला सुरक्षारक्षक, विनोदवीर व्हायची स्वप्ने पाहणारा. विनोद न जमणारा हा माणूस साकारला आहे जॉनी व्हेगासने, जो मुळात मंचावरचा नावाजलेला विनोदवीर.